सार्वजनिक प्रसारणाचे आवाहन : एक चिकित्सा

१

मागणे ही जितकी व्यवहाराची तितकीच भाषेचीही क्रिया आहे. ज्या समाजाजवळ मागावयाचे त्याच्याविषयी मागणाऱ्याच्या मनात काही एक कल्पना असते, आणि ती त्याच्या शब्दयोजनेत उमटल्यावाचून राहत नाही. ऋग्वेदातील दानस्तुती घ्या, पहाटे दारोदार फिरणारा वासुदेव दान पावल्याची जी ग्वाही देतो ती घ्या, किंवा एखाद्या सार्वजनिक संस्थेचे वर्गणीपत्रक घ्या. देणारा कोण, घेणारा कोण आणि उभयतांचे नाते कोणते, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे त्या प्रत्येकात गृहीत धरलेली असतात. ही उत्तरे उघड करून त्यांची पारख करणे हे टीकेचे काम होय. कीर्तन, पोवाडा, व्याख्यान व अग्रलेख ह्यांची चिकित्सा आपण करतो. परंतु आवाहन हे कामापुरते आणि क्षणापुरते लेखन वा भाषण असल्यामुळे त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः एखाद्या संस्थेचे स्वतःविषयीचे खरे मत तिच्या घोषणापत्रापेक्षा तिच्या मागण्याच्या रीतीतून अधिक स्पष्ट कळते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्थानिक सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांना मध्यवर्ती सरकारकडून मिळणारे अनुदान २०२५ मध्ये बंद झाले. त्यानंतर ह्या केंद्रांनी आपापल्या श्रोतृसमाजाला साहाय्याचे जे आवाहन चालविले आहे, ते प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ‘सार्वजनिक’ हे विशेषण मिरविणारी संस्था सरकारी आधार सुटल्यावर जनतेसमोर कोणत्या भाषेत उभी राहते, आणि त्या भाषेत ‘जन’ ह्या शब्दाचा अर्थ विस्तारतो की आक्रसतो, हे येथे पाहावयाचे आहे.

२

आवाहनाची चिकित्सा करण्यापूर्वी त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अमेरिकेत प्रसारण प्रारंभापासून मुख्यतः खाजगी व्यापाराच्या हाती राहिले. ब्रिटनमध्ये संचधारकाकडून परवानाशुल्क घेऊन प्रसारण चालविण्याची जी पद्धती रुजली, तिला तेथे समांतर असे काही निर्माण झाले नाही. १९६७ च्या आरंभी कार्नेगी आयोगाने सार्वजनिक दूरचित्रवाणीविषयी आपला अहवाल प्रसिद्ध केला. दूरचित्रवाणी संचांवर उत्पादनाच्या ठिकाणी २ टक्के व पुढे ५ टक्क्यांपर्यंत कर बसवावा, आणि त्यातून एक स्वतंत्र विश्वस्त निधी उभारावा, अशी त्याची शिफारस होती. तत्कालीन सत्ताधाऱ्यांच्या मर्जीपासून प्रसारण दूर राहावे हा त्यामागील हेतू. ७ नोव्हेंबर १९६७ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन ह्यांनी सार्वजनिक प्रसारणाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि त्यातून सार्वजनिक प्रसारण महामंडळ निर्माण झाले; परंतु कराची शिफारस मात्र कायद्यात उतरली नाही. निधीसाठी प्रतिनिधिगृह व सिनेट ह्यांच्याकडे वारंवार जाणे महामंडळाच्या नशिबी आले.

ह्या उणिवेचे परिणाम लवकरच दिसू लागले. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन ह्यांनी महामंडळाच्या निधीचे विधेयक नाकारले. सार्वजनिक प्रसारण फार केंद्रित होत चालले असून स्थानिक केंद्रांचे स्वत्व जपले जात नाही, हे कारण त्यांनी त्या वेळी पुढे केले. त्यानंतर १९७५ च्या कायद्याने अनुदान काही वर्षे अगाऊ मंजूर करण्याची प्रथा पडली; आजच्या रागलोभाचा परिणाम उद्याच्या कार्यक्रमावर होऊ नये, एवढाच तिचा आशय. २०२५ मध्ये जे घडले ते ह्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. २०२६ व २०२७ ह्या दोन आर्थिक वर्षांसाठी अगाऊ मंजूर झालेले सुमारे १०७ कोटी डॉलर परत घेणारे विधेयक सिनेटने ५१ विरुद्ध ४८ अशा मतांनी व प्रतिनिधिगृहाने २१६ विरुद्ध २१३ अशा मतांनी संमत केले, आणि २४ जुलै रोजी अध्यक्ष ट्रम्प ह्यांच्या स्वाक्षरीने त्याचा कायदा झाला. जी तरतूद संरक्षणासाठी निर्माण केली होती तीच नेमकी मागे घेण्यात आली. १ ऑगस्ट रोजी महामंडळाने आपले काम गुंडाळत असल्याचे जाहीर केले व जानेवारी २०२६ मध्ये त्याच्या संचालक मंडळाने संस्थेच्या विसर्जनाचा निर्णय केला.

ह्या रकमेचे स्वरूपही ध्यानात घ्यावयास हवे. वर्षाला सुमारे ५३.५ कोटी डॉलर, म्हणजे दर माणशी वर्षाकाठी सुमारे १.६० डॉलर, एवढाच हा खर्च होता. त्यातील ७० टक्क्यांहून अधिक भाग थेट देशातील सुमारे १,५०० स्थानिक केंद्रांकडे जात असे. ज्या राष्ट्रीय नभोवाणी संस्थेवर पक्षपाताचा मुख्य आरोप होता, तिच्या उत्पन्नात मध्यवर्ती सरकारच्या प्रत्यक्ष अनुदानाचा वाटा एक टक्क्याच्या आसपास होता. सारांश, रोष राष्ट्रीय संस्थेवर होता आणि घाव स्थानिक केंद्रांवर पडला. १९७२ मध्ये स्थानिकांच्या नावाने निधी अडविण्यात आला होता. २०२५ मध्ये तो काढून घेण्यात आला तेव्हा सर्वांत मोठी झळ स्थानिकांनाच लागली.

३

आता प्रत्यक्ष आवाहनाकडे वळू. अमेरिकेतील सार्वजनिक केंद्रांना मागण्याची सवय नवी नाही. वर्षातून काही वेळा, काही दिवसपर्यंत, नेहमीचे कार्यक्रम मध्येच थांबवून निवेदक श्रोत्यांजवळ वर्गणी मागतात, ही तेथील जुनी प्रथा आहे. तिचे अलंकारशास्त्र आता पुरते ठरून गेले आहे. वर्गणीची रक्कम महिन्याच्या हप्त्यात मांडून ती कॉफीच्या काही पेल्यांइतकीच आहे असे सांगणे. अमुक रक्कम देणाऱ्यास केंद्राचे नाव छापलेली कापडी पिशवी किंवा चहाचा पेला देणे. एखाद्या मोठ्या दात्याने ठराविक घटकेपर्यंत येणारी प्रत्येक वर्गणी दुप्पट करण्याचे वचन दिले आहे असे जाहीर करणे. आणि वर्गणी देणाऱ्यांचा नामनिर्देश करून आभार मानणे, ही त्याची चार प्रमुख अंगे होत. २०२५ नंतर ह्यांत दोन अंगांची भर पडली. एक संकटाचे : केंद्र बंद पडेल, तेव्हा धावून या. दुसरे अन्यायाचे : त्यांनी आमचे हिरावून घेतले, तुम्ही ते परत द्या.

ह्या अंगांची पारख करताना ती परिणामकारक आहेत किंवा नाहीत एवढेच पाहून भागणार नाही. ती परिणामकारक आहेत हे निर्विवाद आहे. अनुदान जाण्याच्या सुमारास तीन महिन्यांत सुमारे १,२०,००० नवे देणगीदार पुढे आले व त्यांच्याकडून सुमारे २ कोटी डॉलर मिळाले, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. प्रश्न असा आहे की, ही भाषा श्रोत्याला कोणत्या भूमिकेत उभे करते.

कॉफीचा पेला व कापडी पिशवी ही दोन्ही श्रोत्याला गिऱ्हाईक बनवितात. मोल दिले, वस्तू घेतली, व्यवहार पुरा झाला. गिऱ्हाईकाला एखादे दिवशी माल आवडेनासा झाला तर त्याने दुकान बदलण्यात काहीच गैर नसते. सार्वजनिक प्रसारणाचा दावा मात्र ह्याहून मोठा आहे. जो मोल देत नाही त्याच्याही कानी ते तितक्याच स्पष्टपणे पोहोचते. किंबहुना ते तसे पोहोचते म्हणूनच त्यास सार्वजनिक म्हणावयाचे. तेव्हा खरेदीविक्रीची उपमा ही येथे केवळ क्षुद्र आहे एवढेच नव्हे, तर ती वस्तुस्थितीच्या विरुद्ध आहे.

संकटाची भाषा अधिक गंभीर असली तरी तिचीही एक मर्यादा आहे. संकट हे स्वभावतः एकदाच येते. पूर ओसरल्यावर मदतीची पेटी कोणी फिरवीत नाही. परंतु येथे जे गेले ते एका वर्षाचे अनुदान नसून वर्षानुवर्षांचा आधार आहे. पहिल्या वर्षीच्या धावपळीत जो दाता हात सैल सोडतो तो तिसऱ्या वर्षी तसाच वागेल असे मानण्यास आधार नाही. ‘वाचवा’ ह्या क्रियापदाला भविष्यकाळ नाही, हा ह्या आवाहनाचा मूलभूत दोष होय.

४

ह्या दोषाचे निराकरण शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते. सार्वजनिक प्रसारणाचा कायदा होण्यापूर्वी अठरा वर्षे, एप्रिल १९४९ मध्ये, कॅलिफोर्नियातील बर्कली येथे लुइस हिल व त्यांचे सहकारी ह्यांनी ‘केपीएफए’ हे नभोवाणी केंद्र सुरू केले. त्यावर जाहिराती नव्हत्या व सरकारी अनुदानही नव्हते. १९५० च्या ऑगस्टमध्ये पैशाअभावी ते बंद पडले आणि श्रोत्यांच्या प्रयत्नाने पुढील वर्षी पुन्हा सुरू झाले. ह्या अनुभवातून हिल ह्यांनी श्रोत्यांच्या आधारावर चालणाऱ्या नभोवाणीची उपपत्ती मांडली. केंद्राच्या टापूत जेवढे श्रोते असू शकतात त्यांपैकी दोन टक्के जणांनी स्वेच्छेने वार्षिक वर्गणी दिली तर केंद्र चालू शकेल, असा त्यांचा हिशेब होता.

ह्या हिशेबातील आकडा फारसा महत्त्वाचा नाही. महत्त्वाची आहे ती त्यामागील नीती. वर्गणी न देताही ऐकता येते हे हिल ह्यांस पूर्णपणे ठाऊक होते. ही त्यांच्या मते उणीव नव्हती, हेच त्या योजनेचे मर्म होते. ज्याला फुकट मिळू शकते तो जेव्हा आपणहून देतो तेव्हा तो खरेदी करीत नसतो. अशी गोष्ट जगात असावी असे मत तो नोंदवीत असतो. मग उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे काय? ते फुकटे नव्हेत. ज्यांच्यासाठी दोन टक्के देतात ते हे लोक होत. देणारा स्वतःसाठी देत नसून न देणाऱ्यासाठीही देतो, हा विचार मान्य केला म्हणजे आवाहनाची सारी भाषाच पालटते.

मराठी वाचकास येथे पैसाफंडाची आठवण होणे स्वाभाविक आहे. अंताजी दामोदर काळे ह्यांच्या उद्योगातून उभा राहिलेला तो फंड प्रत्येकाने एक पैसा द्यावा ह्या कल्पनेवर आधारलेला होता, आणि तळेगावचा काचकारखाना हे त्याचे दृश्य फळ. तेथे रक्कम हेतुपुरस्सर इतकी लहान ठेवली होती की, कोणाचेही औदार्य उठून दिसू नये आणि कोणासही वगळल्यासारखे वाटू नये. हिल ह्यांची कल्पना ह्याच्या उलट दिशेची वाटते, कारण तेथे थोडे देतात व सर्व घेतात. तथापि दोहोंचा गाभा एकच आहे. दोन्ही ठिकाणी दात्याचे नाव हे फळ नव्हे, आणि दोन्ही ठिकाणी जो समाज डोळ्यांपुढे आहे तो दात्यांच्या यादीपेक्षा मोठा आहे. दात्याचा नामोच्चार हेच ज्या आवाहनाचे पर्यवसान असते ते दानस्तुतीच्या जवळ जाते. ज्यात यादीबाहेरच्या माणसाचा विचार असतो ते सार्वजनिक आवाहन ठरते.

हिल ह्यांच्या उपपत्तीची मर्यादाही नमूद केली पाहिजे. १९५१ नंतर केपीएफए सावरले ते केवळ वर्गणीवर नव्हे. फोर्ड फाउंडेशनने स्थापन केलेल्या प्रौढशिक्षणनिधीचे मोठे साहाय्य त्यास मिळाले होते. शिवाय बर्कली हे विद्यापीठाचे गाव, आणि सान फ्रान्सिस्कोचा संपन्न परिसर त्याला लागून. दोन टक्के तेथे पुरे पडतील असे मानता येत होते. जेथे ते पुरे पडणार नाहीत अशा ठिकाणाचा विचार त्या उपपत्तीत नाही.

५

असे एक ठिकाण म्हणजे अलास्कातील बेथेल. युकॉन व कुस्कोक्विम ह्या दोन नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात वसलेल्या ह्या गावाची वस्ती सुमारे सहा हजार. सभोवारच्या प्रदेशातील युपिक लोकांची खेडी रस्त्याने जोडलेली नाहीत. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेली नदी आणि एरवी लहान विमान हीच दळणवळणाची साधने. १९७१ पासून चालत असलेले येथील ‘केवाययूके’ हे केंद्र इंग्रजीबरोबर युपिक भाषेतही प्रसारण करते. ह्या केंद्राच्या उत्पन्नापैकी सुमारे ७० टक्के भाग महामंडळाच्या अनुदानाचा होता. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात हालाँग ह्या तुफानाचे अवशेष ह्या किनाऱ्यावर येऊन आदळले. किपनुक व क्विगिलिंगोक ह्या खेड्यांतील घरे पायापासून उखडून वाहून गेली आणि हजाराहून अधिक लोकांना विमानांनी अन्यत्र हलवावे लागले. त्या दिवसांत वार्ता देण्याचे काम हे केंद्र, अनुदान संपून कर्मचारी कमी करण्याची पाळी आलेली असताना, करीत होते.

बेथेलच्या केंद्राने आपल्या समाजाला आवाहन करावे म्हणजे नेमके कोणास करावे? ज्यांची घरे वाहून गेली त्यांस काय? त्या समाजाची आस्था कमी आहे असे नाही. ती आस्था डॉलरमध्ये व्यक्त होऊ शकत नाही एवढेच. आणि येथेच ‘ज्यांना हवे आहे त्यांनी द्यावे’ ह्या वरकरणी न्याय्य वाटणाऱ्या तत्त्वातील गोम उघड होते. गरज आणि देण्याची शक्ती ह्या दोन गोष्टी बहुधा एका ठिकाणी नांदत नाहीत. ज्या महानगरात वृत्तपत्रे, खाजगी वाहिन्या व जलद आंतरजाल ही सर्व आहेत तेथील केंद्र आवाहनाच्या बळावर तगून जाईल. ज्या खेड्यात नभोवाणीवाचून दुसरे साधन नाही तेथील केंद्र त्याच आवाहनाने तगणार नाही. सरकारी अनुदानाचे खरे कार्य पैसा पुरविणे हे जितके, तितकेच ही विषमता भरून काढणे हेही होते. त्याशिवाय, संगीताच्या वापराचे हक्क सर्व केंद्रांसाठी एकत्रित करारांनी मिळविणे ह्यासारखी कामेही महामंडळ करीत असे. अशा कामांसाठी वेगळे आवाहन करता येत नाही, कारण ती श्रोत्याला कधी ऐकूच येत नाहीत.

देणग्या वाढल्या, हे आपण वर पाहिले. वर्षभरातील एकूण वाढ सुमारे ७ कोटी डॉलरची होती, असेही त्या वेळी सांगण्यात आले होते. ही वाढ लहान नव्हे. तरी वर्षाला जे ५३.५ कोटी गेले त्यांच्याशी तिची तुलना केल्यास अंतर ध्यानात येते. आणि ही वाढ सर्वत्र सारखी पसरली असेल असे समजण्यास जागा नाही. नाइट, मॅकआर्थर आदी प्रतिष्ठानांनी २०२५ च्या ऑगस्टमध्ये अधिक संकटग्रस्त केंद्रांसाठी सुमारे ३.७ कोटी डॉलरचा सेतुनिधी जाहीर केला, आणि राष्ट्रीय नभोवाणी संस्थेने केंद्रांवरील भार हलका करण्यासाठी आपल्या अंदाजपत्रकात ८० लाख डॉलरची कपात करण्याचे ठरविले. ह्या दोन्ही गोष्टींत एक महत्त्वाची कबुली आहे : स्थानिक समाज हा एकटा पुरेसा नाही. ‘स्थानिक’ ह्या शब्दाचा अर्थ ‘ज्याचे त्याने पाहावे’ असा घेतला की दुर्बळ स्थान प्रथम बुडते.

६

आता अन्यायाच्या भाषेचा विचार करू. ही भाषा सर्वांत वेगाने पैसा आणते, आणि तिचाच धोका सर्वांत मोठा आहे.

अनुदान रद्द करू इच्छिणाऱ्यांचा युक्तिवाद पुढीलप्रमाणे होता. ज्या वृत्तसंस्थेचा कल आपल्या विरुद्ध आहे असे नागरिकास वाटते, तिचा खर्च त्याच्या करातून का व्हावा? शिवाय १९६७ मध्ये वाहिन्या मोजक्या होत्या; आज माहितीची साधने उदंड आहेत. ह्या युक्तिवादाचा दुसरा भाग बेथेलसारख्या ठिकाणी टिकत नाही हे आपण पाहिले. पहिला भाग मात्र एका वाक्यात निकालात काढण्याजोगा नाही. आपल्या सदसद्विवेकाला न पटणाऱ्या वाणीचा भार आपण का वाहावा, हा प्रश्न लोकशाहीत रास्तच आहे. त्याला उत्तर आहे : सार्वजनिक ग्रंथालयातील प्रत्येक ग्रंथ प्रत्येक करदात्याला मान्य असावा अशी अट आपण घालीत नाही, संग्रह सर्वांना खुला आहे व त्याची निवड उत्तरदायी आहे एवढेच पाहतो. परंतु हे उत्तर देण्यासाठी प्रश्न आधी ऐकून घ्यावा लागतो. अन्यायाची भाषा बोलणारे आवाहन तो ऐकून घेत नाही. ते फक्त आधीच पटलेल्या माणसाशी बोलते.

ज्या प्रश्नावर सिनेट तीन मतांनी व प्रतिनिधिगृह तीन मतांनी दुभंगते, त्या प्रश्नावर लहानसे गावही दुभंगलेले असणारच. त्या गावातील केंद्राने ‘त्यांनी’ आणि ‘आपण’ ही सर्वनामे वापरली की अर्धे गाव ‘त्यांनी’ मध्ये जाऊन पडते. त्या अर्ध्या गावातील माणसेही चक्रीवादळाच्या रात्री हेच केंद्र लावतात. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलेन ह्या वादळाने उत्तर कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात वीज, पाणी व दूरध्वनी ही सर्व बंद पडली असता अॅशव्हिल येथील सार्वजनिक नभोवाणीने लोकांस पाणी कोठे मिळेल, कोणता रस्ता खुला आहे, हे सांगितले. ऐकणाऱ्यांची राजकीय मते त्या वेळी कोणी विचारली नाहीत. संकटातील ही सर्वसमावेशकता हे केंद्राचे सर्वांत मोठे पुण्य आहे. रागाच्या आवाहनाने वर्गणी मिळते खरी, पण ती ह्या पुण्याच्या मोबदल्यात मिळते. पैसा देणारे एका मताचे, म्हणून केंद्र हळूहळू त्या मताचे, आणि मग पक्षपाताचा जो आरोप अनुदान काढताना अतिव्याप्त होता तो काही वर्षांनी खरा ठरावयाचा. प्रतिपक्षाचे भाकीत आपल्याच आवाहनाने सिद्ध करून दाखविण्याचा हा प्रकार होय.

७

ह्यावरून चांगले आवाहन कसे असावे असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. ह्या संदर्भात एका प्रसिद्ध भाषणाचे परीक्षण उपयुक्त ठरेल. १ मे १९६९ रोजी सिनेटच्या दळणवळण उपसमितीसमोर बालकार्यक्रमांचे निर्माते फ्रेड रॉजर्स ह्यांनी साक्ष दिली. नव्या महामंडळासाठी मागितलेल्या २ कोटी डॉलरमध्ये मोठी कपात होण्याचा संभव होता. सुमारे सहा मिनिटांच्या ह्या भाषणाच्या अखेरीस अध्यक्षस्थानी असलेले सिनेटर पास्टोर ह्यांनी, ही रक्कम तुम्ही आताच मिळविलीत, अशा आशयाचे उद्गार काढले. एका भाषणाने सर्व पालटले ही आख्यायिका अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. १९६७ चा कायदा सिनेटमधून पार पाडण्यात पास्टोर ह्यांचाच मोठा वाटा होता, आणि ते मुळात अनुकूलच होते. तथापि भाषणाच्या रचनेपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

रॉजर्स ह्यांनी सोबत आणलेले लेखी निवेदन वाचले नाही. त्यांनी धोक्याचे वर्णन केले नाही, कोणास दोष दिला नाही आणि कोणतीही देवघेव सुचविली नाही. आपण काय करतो ते त्यांनी सांगितले : लहान मुलाला राग येतो तेव्हा त्या रागाचे काय करावयाचे हे आपण त्याला शिकवितो. त्याविषयीच्या आपल्या एका गीताचे शब्द त्यांनी गद्यात म्हणून दाखविले. ज्या मुलांविषयी ते बोलत होते त्यांच्यापैकी कोणी मत देणारे नव्हते, वर्गणी देणारे तर नव्हतेच. न देणाऱ्याच्या वतीने मागणे म्हणजे काय, ह्याचे ह्याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. श्रोत्याला त्यांनी दाता किंवा गिऱ्हाईक केले नाही, एका मुलाचा पालक केले.

तेव्हा आवाहनाची कसोटी अशी मांडता येईल : जो देणार नाही, देऊ शकणार नाही, किंवा देऊ इच्छीत नाही, त्याच्याविषयी ते काय बोलते? गिऱ्हाइकीची भाषा त्याला विसरते. संकटाची भाषा त्याला कृतघ्न ठरविते. अन्यायाची भाषा त्याला शत्रू समजते. विश्वस्ताची भाषा मात्र त्याच्यासाठीच मागते.

८

अखेरीस, जिच्यावाचून हे विवेचन अपुरे राहील अशी एक गोष्ट सांगावयाची आहे. ‘समाजाला आवाहन’ असे म्हणताना समाज नावाची वस्तू आधीच तयार आहे असे आपण धरून चालतो. ती तशी नसते. एकेकट्या घरात एकाच वेळी एकच ध्वनी ऐकणारी माणसे म्हणजे समाज नव्हे. महाराष्ट्राच्या अनुभवातील एक दाखला येथे उपयोगी पडतो. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे नभोवाणी केंद्रावरून ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. कॅनडातील शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा नमुना त्यापुढे होता. पाच जिल्ह्यांतील १५० खेड्यांत मंडळे स्थापन झाली. गावकऱ्यांनी एकत्र बसून २० कार्यक्रम ऐकावेत, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका व निर्णय केंद्रास कळवावेत, अशी योजना होती. प्रयोग सरकारी होता व पैशाचा प्रश्न त्यात नव्हता. परंतु ऐकणाऱ्याला उलट बोलण्याची सोय केल्यावाचून श्रोतृसमाज तयार होत नाही, हे त्याने दाखवून दिले.

अमेरिकेतील केंद्रांना आज ह्याच गोष्टीची निकड आहे. ज्या गावाला आपण फक्त वर्गणीच्या आठवड्यात हाक मारतो ते गाव आपले होत नाही. कार्यक्रमांच्या निवडीवर लोकांचे म्हणणे ऐकून घेणाऱ्या बैठका, केंद्राच्या मंडळावर वेगवेगळ्या मतांची माणसे, स्वयंसेवकांनी केलेले वृत्तसंकलन, पक्षपाताच्या तक्रारींना जाहीर उत्तर, ही सर्व आवाहनाचीच अंगे आहेत, यद्यपि त्यांत पैशाचे नाव नाही. आणि संपन्न शहरातील केंद्राने आपल्या दात्यांस सांगावयाचे ते हे की, तुमच्या वर्गणीतील काही भाग ज्या खेड्याचे नाव तुम्ही ऐकलेले नाही त्या खेड्यासाठी आहे. अनुदानाने जे कार्य कायद्याच्या बळावर होत होते ते आता समजूत घालून करावयाचे आहे. ते पूर्णांशाने होईल अशी आशा करणे धाडसाचे ठरेल. सरकारी निधीची जागा लोकांच्या वर्गणीने पुरती भरून निघत नाही हे आवाहनकर्त्यांनी उघड बोलावे, त्यातच त्यांची सचोटी आहे. नाही तर वर्गणी यशस्वी झाली म्हणून अनुदान अनावश्यकच होते, असा निष्कर्ष काढावयास प्रतिपक्ष मोकळा होईल.

मात्र आवाहनाच्या भाषेवर एक गोष्ट निश्चितपणे अवलंबून आहे. दहा वर्षांनी ह्यांपैकी जी केंद्रे उरतील ती सर्वांची असतील की वर्गणीदारांची, हे आज ती कोणत्या शब्दांत मागतात त्यावर ठरणार आहे. पैसा कमी पडला तर एखादे केंद्र बंद पडेल, आणि ती हानी मोठीच असेल. परंतु चुकीच्या शब्दांत पुरेसा पैसा मिळाला तर केंद्र चालू राहील आणि ‘सार्वजनिक’ हे विशेषण तेवढे नाहीसे होईल. आणि ह्या दुसऱ्या हानीची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही.